कायदा बदलणार आहे म्हणून दिवाणी दावा थांबवता येतो का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘वरच्या कोर्टात हाच मुद्दा चालू आहे, निकाल येईपर्यंत दावा थांबवा’ किंवा ‘अधिवेशनात विधेयक येतंय, थोडं थांबू’ असं सांगून दिवाणी दाव्यात तारीख मागितली जाते. कधी तुमचेच वकील ते सुचवतात, कधी समोरच्या बाजूचा तसा अर्ज येतो. खालची उत्तरं महाराष्ट्रातल्या दिवाणी न्यायालयांत दावा चालू असलेल्या वादी-प्रतिवादींसाठी आहेत. पाया दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ हाच आहे. तुमच्या दाव्याची कागदपत्रं ज्यांनी वाचली आहेत त्या वकिलांचा सल्ला अर्थातच यापेक्षा वरचा समजावा.

कायदा बदलण्याची शक्यता असेल तर दावा आपोआप थांबतो का?

नाही. दावा थांबायला कोर्टाचा आदेश लागतो, किंवा ‘असे दावे थांबतील’ असं स्पष्ट सांगणारं कलम लागतं. शक्यता या दोन्हींत बसत नाही. पक्षकार आज अमलात असलेल्या कायद्याखाली दाद मागतो आणि ती त्याच कायद्याने द्यायची किंवा नाकारायची असते. उद्या कायदा बदलेल या अंदाजावर आजचा हक्क अडवून ठेवता येत नाही. इंग्लंडमध्ये १९५६ साली विलो रेन कॅनॉल कॅरिंग कंपनीच्या खटल्यात संसदेपुढच्या विधेयकाचा आधार घेऊन काम थांबवण्याची मागणी झाली होती. ती याच विचाराने नाकारली गेली.

पण विधेयक खरोखर मांडलं गेलं आहे. तरीही थांबायचं नाही?

विधेयक आणि अमलात आलेला कायदा यांच्यात फार मोठं अंतर असतं, आणि ते कधी संपेल हे कोणीच सांगू शकत नाही. लोकसभा विसर्जित झाली की लोकसभेत प्रलंबित असलेलं विधेयक बाद होतं, आणि लोकसभेने मंजूर करून राज्यसभेत अडकलेलंही बाद होतं. हे राज्यघटनेच्या अनुच्छेद १०७ मध्येच आहे. राज्याच्या विधेयकांना अनुच्छेद १९६ खाली असाच नियम लागू होतो.

मंजुरी मिळाली, राष्ट्रपतींची संमती मिळाली, तरी काम संपलं असं नाही. दिल्ली भाडे कायदा १९९५ साली संसदेने मंजूर केला, त्याला संमतीही मिळाली. तो अमलात आणणारी अधिसूचना मात्र निघालीच नाही. त्या वर्षी ‘नवा भाडे कायदा येतोय, दावा थांबवा’ म्हणून जो घरमालक थांबला असता, त्याचं काय झालं असतं याचा विचार करा. अशी अधिसूचना अमुक तारखेला काढाच, असा हुकूम न्यायालयही सरकारला देत नाही. ए. के. रॉय प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही मर्यादा मान्य केली आहे.

महाराष्ट्रातलं उदाहरण मला जास्त बोलकं वाटतं. मुंबई भाडे कायदा, १९४७ मधल्या प्रमाणभूत भाड्याच्या (कायद्याने घालून दिलेल्या कमाल भाड्याच्या) तरतुदी आता वाजवी राहिलेल्या नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात म्हटलं. तरी त्या रद्द केल्या नाहीत, कारण त्या कायद्याची मुदत ३१ मार्च १९९८ ला संपत होती आणि नवा कायदा लगेच येईल अशी न्यायालयाला आशा होती. जुन्या कायद्याची मुदत पुन्हा वाढली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ अमलात आला तो ३१ मार्च २००० ला. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने तीन-साडेतीन महिन्यांचा धरलेला अंदाज दोन वर्षांहून जास्त लांबला. तेव्हा तालुक्याच्या कोर्टात कोणी ‘पुढच्या अधिवेशनात होईल’ असं सांगितलं, तर त्यावर तुमच्या दाव्याची तारीख ठरवू नये.

सर्वोच्च न्यायालयात हाच मुद्दा मोठ्या खंडपीठाकडे गेला आहे. मग तरी?

तरीही नाही, आणि याबाबत आता शंकेला जागा नाही. ६ सप्टेंबर २०२३ रोजी लडाख केंद्रशासित प्रदेश विरुद्ध जम्मू अँड काश्मीर नॅशनल कॉन्फरन्स या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयांना सुनावलं: एखादा निकाल मोठ्या खंडपीठाकडे पाठवला आहे किंवा त्याविरुद्ध पुनर्विलोकन अर्ज (त्याच न्यायालयाने आपला निकाल पुन्हा तपासावा असा) प्रलंबित आहे, एवढ्यावरून प्रकरणं अडवून ठेवू नका. आज जो निकाल बंधनकारक आहे, त्यानुसार निर्णय द्या. २०१२ च्या अशोक सदारंगानी प्रकरणातही सूर हाच होता. जे उच्च न्यायालयांना लागू, ते दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर यांच्या कोर्टालाही लागू.

अपवाद एकच: सर्वोच्च न्यायालयाने स्वतः थांबायला सांगितलं असेल तर. असं झालेलं आहे. भूसंपादनाच्या २०१३ च्या कायद्यातल्या कलम २४ चा अर्थ २०१४ साली पुणे महानगरपालिका प्रकरणात एका पद्धतीने लावला गेला. फेब्रुवारी २०१८ मध्ये तितक्याच न्यायमूर्तींच्या दुसऱ्या खंडपीठाने तो चुकीचा ठरवला. गोंधळ इतका झाला की त्याच महिन्यात तिसऱ्या खंडपीठाने उच्च न्यायालयांना विनंती केली, की हा मुद्दा सुटेपर्यंत या कलमाची प्रकरणं हाती घेऊ नका. अखेर ६ मार्च २०२० रोजी इंदूर विकास प्राधिकरण प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने प्रश्न मिटवला आणि २०१४ चा निकाल मोडीत निघाला.

म्हणून समोरचे वकील ‘वर मुद्दा प्रलंबित आहे’ म्हणाले, की त्यांना एकच विचारा: खालची प्रकरणं थांबवण्याचा आदेश आहे का? असेल तर त्याची प्रत निशाणी (दस्ताला कोर्टाने दिलेला क्रमांक) पाडून दाखल करा म्हणावं.

ज्या निकालाच्या आधारावर मी दावा लावला, त्यालाच स्थगिती मिळाली तर?

स्थगिती म्हणजे निकाल रद्द झाला असं नव्हे. श्री चामुंडी मोपेड्स प्रकरणात (१९९२) सर्वोच्च न्यायालयाने हा फरक स्पष्ट केला: स्थगितीने आदेशाची अंमलबजावणी थांबते, आदेश पुसला जात नाही. तुमच्याच दाव्यातल्या कामाला वरच्या कोर्टाने स्थगिती दिली असेल तर गोष्ट पूर्ण वेगळी. तिथे खालच्या कोर्टाला थांबावंच लागतं.

अशी स्थगिती सहा महिन्यांनी आपोआप उठते ना?

आता नाही. २०१८ च्या एशियन रिसर्फेसिंग निकालामुळे तसं धरलं जात होतं. २९ फेब्रुवारी २०२४ रोजी अलाहाबाद हायकोर्ट बार असोसिएशनच्या प्रकरणात पाच न्यायमूर्तींनी तो नियम काढून टाकला. स्थगिती उठवायची असेल तर तसा अर्ज करावा लागतो.

संहितेच्या कलम १० खाली दावा थांबवता येईल का?

ते कलम वेगळ्या गोष्टीसाठी आहे. त्याच पक्षकारांमध्ये, त्याच मुद्द्यावर, आधी लावलेला दुसरा दावा प्रलंबित असला तर नंतरच्या दाव्याची सुनावणी थांबते. अनोळखी माणसांच्या खटल्यात तुमच्यासारखा कायद्याचा प्रश्न असणं, हे त्यात बसत नाही. असे अर्ज मग कलम १५१ खाली, म्हणजे कोर्टाच्या अंगभूत अधिकाराखाली येतात. तो अधिकार न्यायासाठी आहे, आणि वाट पाहण्याने दोघांपैकी कोणावर अन्याय होतो हे त्यात बघितलंच पाहिजे.

मग न्यायाधीश कधी थांबतात?

संहितेतला आदेश १७, नियम १ म्हणतो की ‘पुरेसं कारण’ असेल तर तहकुबी देता येते. कायद्यातल्या येऊ घातलेल्या बदलाचं कारण पुरेसं वाटावं अशा काही परिस्थिती असतात. कायदा मंजूर झालेला आहे, अमलाची तारीख राजपत्रात आली आहे, आणि तो चालू दाव्यांनाही लागू होईल असं त्यातच लिहिलं आहे. किंवा तुमच्या दाव्याचा निकाल ज्या एकाच प्रश्नावर अवलंबून आहे, त्यावर वरच्या न्यायालयाने सुनावणी संपवून निकाल राखून ठेवला आहे आणि तुमच्याकडे फक्त युक्तिवाद उरला आहे. अशा वेळी थोड्या आठवड्यांची तारीख समजण्यासारखी आहे. ‘निकाल लागेपर्यंत’ अशी मुदतच नसलेली तहकुबी मात्र मागूही नये आणि समोरच्याने मागितली तर मुकाट्याने मान्यही करू नये.

तहकुबी तीनदाच मिळते हे खरं का?

संहितेत तसंच लिहिलं आहे: सुनावणीच्या काळात एका पक्षकाराला तीनपेक्षा जास्त नाही. सेलम ॲडव्होकेट बार असोसिएशनच्या २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने याला थोडी मोकळीक दिली, ती पक्षकाराच्या हाताबाहेरच्या गंभीर कारणांसाठी. कायदा बदलेल या आशेला तसं कारण म्हणणं कठीण आहे. शिवाय तहकुबीबरोबर खर्च भरण्याचा आदेश होऊ शकतो, आणि कलम ३५ख खाली लावलेला खर्च भरल्याशिवाय त्या पक्षकाराला पुढे कामच चालवता येत नाही.

दावा पूर्ण थांबवण्याऐवजी काय मागावं?

या पानावरचं सर्वांत महत्त्वाचं उत्तर हेच आहे, म्हणून जरा सविस्तर.

कायदा बदलला तरी घडलेल्या गोष्टी बदलत नाहीत. करारावर सही कोणी केली, ताबा कधीपासून आहे, पैसे दिले की नाही, वाटणी झाली होती की नाही, हे प्रश्न नव्या कायद्याखालीही विचारले जाणार आणि जुन्याखालीही. त्यांची उत्तरं साक्षीदारांच्या आठवणीत असतात. साक्षीदार म्हातारे होतात, गाव सोडतात, मरतात. तलाठ्याची बदली होते, जुनं दप्तर सापडेनासं होतं. कायद्याची वाट पाहताना जे वाया जातं ते हे, आणि ते कोणत्याही खंडपीठाच्या निकालाने परत येत नाही.

म्हणून पुरावा नोंदवून घ्या. सरतपासाचं (आपल्या साक्षीदाराच्या साक्षीचं) प्रतिज्ञापत्र द्या, उलटतपास होऊ द्या, दस्त निशाणीवर आणा. थांबायचंच असेल तर फक्त अंतिम युक्तिवाद थोडा पुढे ठेवा, अशी विनंती करा. वयस्क किंवा परगावी निघालेल्या साक्षीदारासाठी आदेश १८, नियम १६ आहे. पुरेसं कारण दाखवलं तर त्याची साक्ष क्रम मोडून लगेच नोंदवता येते. अंथरुणाला खिळलेल्या साक्षीदारासाठी आदेश २६ खाली कमिशन मागता येतं.

दुसरी गोष्ट मुद्द्यांची. कायद्याचा अर्थ असा लागला तर अमुक तथ्य महत्त्वाचं आणि तसा लागला तर तमुक, अशी परिस्थिती असेल तर दोन्ही तथ्यांवर मुद्दे (कोर्टाने उत्तर द्यायचे वादाचे प्रश्न) काढून घ्या आणि दोन्हींवर निष्कर्ष नोंदवावेत अशी मागणी करा. त्याचा फायदा अपिलात कळतो. नोंदीवरचा पुरावा पुरेसा असेल, तर आदेश ४१, नियम २४ खाली अपील न्यायालय स्वतःच अंतिम निर्णय देऊ शकतं. पुरावा नसेल तर प्रकरण खाली परत येण्याची वेळ येते, आणि मग इतक्या वर्षांनी त्याच पायऱ्या पुन्हा चढायच्या.

तिसरं म्हणजे मुद्दा राखून ठेवणं. दाव्यात किंवा कैफियतीत (प्रतिवादीच्या लेखी उत्तरात) तो स्पष्ट लिहिलेला हवा. नसेल तर आदेश ६, नियम १७ खाली दुरुस्तीचा अर्ज लवकर द्या. सुनावणी सुरू झाल्यावर ‘योग्य दक्षता घेऊनही आधी मांडता आलं नाही’ हे पटवून द्यावं लागतं.

नवा कायदा आलाच, तर तो माझ्या चालू दाव्याला लागू होतो का?

आधी त्या कायद्यातलं निरसन आणि व्यावृत्तीचं कलम (जुना कायदा रद्द करून त्यातलं काय टिकतं ते सांगणारं) वाचा. बहुतेक वेळा उत्तर तिथेच असतं. वर सांगितलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात ते कलम ५८ आहे, आणि जुन्या कायद्याखालचे प्रलंबित दावे जुन्याच कायद्याने निकाली काढायचे असं ते सांगतं. नवा कायदा येईपर्यंत थांबलेल्याच्या हाती त्यात काहीच लागलं नसतं.

कायदा गप्प असेल तर साधारण नियम असा: हक्क देणाऱ्या किंवा काढून घेणाऱ्या तरतुदी पुढच्या काळासाठी असतात, कार्यपद्धतीच्या तरतुदी चालू कामांनाही लागतात. जुना कायदा रद्द झाला तरी त्याखाली मिळालेले हक्क आणि सुरू झालेली कामं सामान्य वाक्खंड अधिनियम, १८९७ च्या कलम ६ मुळे वाचतात. अपिलाचा हक्कसुद्धा दावा दाखल झाला त्या दिवशीचा धरतात. गरिकापती वीरय्या प्रकरणात १९५७ साली हे ठरलं. न्यायालयाच्या निकालाचं मात्र वेगळं आहे. सर्वोच्च न्यायालय कायद्याचा अर्थ सांगतं तेव्हा तो पहिल्यापासून तसाच होता असं मानलं जातं, त्यामुळे तो चालू दाव्यांना लागतो. ‘हे यापुढेच लागू’ असं निकालात म्हटलं असेल तेवढा अपवाद.

वाटणीच्या दाव्यात मुलींच्या हिश्शाबाबत काय घडलं?

वाट पाहण्याची किंमत कोणी मोजली हे बघायचं असेल, तर इथे बघावं.

हिंदू उत्तराधिकार कायद्यातली दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ रोजी अमलात आली आणि मुलगी मुलासारखीच सहदायाद (वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने वाटेकरी) झाली. महाराष्ट्राने १९९४ सालीच स्वतःची दुरुस्ती केली होती, पण तिच्या आधी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळलं होतं. २००५ नंतर प्रश्न उरला: त्या तारखेला वडील हयात असायलाच हवेत का? २०१५ च्या प्रकाश विरुद्ध फुलवती निकालाने हो म्हटलं. फेब्रुवारी २०१८ च्या दानम्मा निकालात वडील २००१ साली वारलेले असूनही मुलींना हिस्सा मिळाला. दोन्ही खंडपीठं दोन-दोन न्यायमूर्तींची. देशभरात वाटणीचे दावे या दोन निकालांमध्ये अडकले.

११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा निकालात तीन न्यायमूर्तींनी सांगितलं, की हक्क जन्माने मिळतो, वडील त्या तारखेला हयात असण्याची गरज नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेली नोंदणीकृत वाटणी किंवा विक्री मात्र उलटवता येत नाही. त्याच निकालात न्यायालयाने नोंदवलं, की परस्परविरोधी निकालांमुळे दावे आणि अपिलं आधीच रखडली आहेत, ती शक्यतो सहा महिन्यांत निकाली काढा. मुलींचा समान हक्क थांबवून ठेवता येणार नाही, ही त्या विनंतीमागची भूमिका होती. त्या वर्षांत जमीन ज्यांच्या ताब्यात होती ते ती कसत राहिले. थांबण्याचा भार दोन्ही बाजूंवर कधीच सारखा पडत नाही.

याच विषयातला २०११ चा गंदुरी कोटेश्वरम्मा निकाल वाटणीतल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा. तिथे प्राथमिक हुकूमनामा (कोणाचा किती हिस्सा ते ठरवणारा) १९९९ सालीच झाला होता. तरीही अंतिम हुकूमनामा (प्रत्यक्ष वाटप करून देणारा) बाकी असल्यामुळे मुलींना २००५ च्या दुरुस्तीचा लाभ मिळाला. म्हणजे दावा पुढे गेल्याने त्यांचं काही बिघडलं नाही. वाटणीच्या दाव्यात अंतिम हुकूमनामा होईपर्यंत दार उघडं असतं.

माझा निकाल लागला आणि नंतर कायदा बदलला तर?

अपील प्रलंबित असेल तर बरंच काही करता येतं. अपील म्हणजे दाव्याचीच पुढची सुनावणी, म्हणून मधल्या काळात झालेला आणि प्रलंबित कामांना लागू असलेला बदल अपील न्यायालय विचारात घेतं. स्वातंत्र्यापूर्वीच्या लछमेश्वर प्रसाद शुकुल प्रकरणापासून हे चालत आलं आहे.

अपील केलंच नसेल तर वाट अवघड. पुनर्विलोकन मिळत नाही: आदेश ४७, नियम १ च्या स्पष्टीकरणात साफ लिहिलं आहे, की ज्या कायदेशीर मुद्द्यावर निकाल आधारला होता तो दुसऱ्या प्रकरणात वरच्या न्यायालयाने उलटवला, हे पुनर्विलोकनाचं कारण नाही. उशीर माफ करून अपील घ्या म्हणावं तर २०२४ चा दिल्ली विकास प्राधिकरण विरुद्ध तेजपाल निकाल आडवा येतो. नंतर बदललेला कायदा हे विलंब माफीचं कारण होत नाही, असं त्यात ठरलं. म्हणून कायदा डळमळीत असेल तर दावा लांबवण्यापेक्षा अपिलाची मुदत सांभाळा: जिल्हा न्यायालयात ३० दिवस, उच्च न्यायालयात ९० दिवस.

खालच्या कोर्टालाच कायदा घटनाबाह्य वाटला तर?

ते स्वतः तसं ठरवू शकत नाही. कलम ११३ खाली त्याने आपलं मत आणि कारणं लिहून प्रश्न उच्च न्यायालयाकडे पाठवायचा असतो. गंमत म्हणजे इथेही काम थांबवणं सक्तीचं नाही. आदेश ४६ नुसार कोर्ट काम चालू ठेवून, उच्च न्यायालयाच्या उत्तराच्या अधीन राहून हुकूमनामा देऊ शकतं. उत्तर येईपर्यंत फक्त अंमलबजावणी होत नाही. खुद्द घटनात्मक प्रश्न वर गेलेला असताना संहिता काम पुढे नेण्याची मुभा देते, मग साध्या ‘शक्यते’साठी थांबायचं कशाला?

दोन्ही बाजू थांबायला तयार असतील तर?

संयुक्त पुरशिस (दोघांनी मिळून कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन) दिली तरी कोर्ट बांधलेलं नसतं. त्यापेक्षा अनिश्चिततेचाच उपयोग करून घ्या. कायदा कोणत्या बाजूला झुकेल हे दोघांनाही माहीत नसतं, तेव्हा तडजोड जास्त प्रामाणिकपणे होते. कलम ८९ खाली मध्यस्थी मागा. मात्र तडजोडीच्या हुकूमनाम्यावर कलम ९६(३) मुळे अपील चालत नाही, हे माहीत असूनच सही करा.

समोरच्या बाजूने असा अर्ज दिला आहे. उत्तरात काय लिहावं?

अर्जात बदल कोणता, तो कोणत्या टप्प्यावर आहे आणि चालू दाव्याला लागू होणार का, हे लिहिलंय का ते दाखवून द्या. बहुतेक अर्जांत नसतं. या मधल्या काळात ताबा, भाडं किंवा उत्पन्न कोणाकडे जातं ते सांगा. तुमच्या साक्षीदारांची वयं लिहा. आणि पर्याय द्या: पुरावा चालू राहू दे, युक्तिवादाच्या वेळी बघू.

कोर्टाने तरीही दावा थांबवला तर?

अनुच्छेद २२७ खाली मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. तो अधिकार देखरेखीचा आणि मर्यादित आहे, त्यामुळे एखाद्या महिन्याच्या तारखेसाठी तिथे जाऊ नये. मुदत न सांगता थांबवलेल्या दाव्यासाठी जरूर जावं. त्या आधी रोजनाम्यात (कोर्टाच्या तारीखवार नोंदीत) पुढची निश्चित तारीख लिहून घ्या, खर्चाचा आदेश मागा, आणि तुमच्या बाजूने तूर्तातूर्त मनाई असेल तर ती ‘पुढील तारखेपर्यंत’ आहे की ‘दाव्याच्या निकालापर्यंत’ ते त्याच दिवशी वाचा. पुढील तारखेपर्यंतची असेल तर ती वाढवल्याची नोंद झाल्याशिवाय कोर्टातून बाहेर पडू नका.